पाळण्याची दोन टोकं

उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या त्या दोघांपैकी एकाला सगळे चाचा म्हणत आणि दुसऱ्याला ससा. चाचाची दाढी पांढरी झाली होती, म्हणून तो चाचा. ससा का, हे सांगायला नको. कुत्रं भुंकलं, पोलीस दिसला, अवेळी फोन वाजला की तो दचकायचा. उंचीची भीती तेवढी वाटत नसे. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यात तो घरच्या ओट्यावर बसल्यासारखा आरामात असे. बायको म्हणायची, "घरात पाळणा होता तेव्हा कधी हलवला नाहीत, आणि आता म्हातारपणी स्वतःच त्यात बसून लोंबकळताय!"

पाळण्याच्या दोन टोकांना दोर गुंडाळायचे दोन रहाट होते. दोघांनी ते एका लयीत फिरवायचे, म्हणजे पाळणा सरळ खाली-वर होई. एकाचा हात सुटला की त्याचं टोक खाली झुकणार. कमरेला पट्टे होते, पण इतके विरलेले की त्यांच्याकडे न बघणंच बरं. चाचा जोडीदार होऊन वर्षही झालं नव्हतं, पण त्याच्या मनगटावर सशाचा भरवसा बसला होता.

मग रमजान आला, ऐन उन्हात.

चाचा रोजे ठेवतो हे कळल्यापासून सशाची झोप उडाली. लहानपणी आई उपास करायची. एकदा भर दुपारी ती चुलीपाशी कोसळली होती, आणि तो आवाज त्याच्या कानांतून कधी गेलाच नाही. शिवाय चाचा पाण्याचा थेंबही घेत नव्हता. ससा दिवसभर काच पुसायचा ती काचेतल्या चाचाच्या प्रतिबिंबावर नजर ठेवून. ओठ सुकलेत का? डोळे मिटले का? विचारायची मात्र हिंमत नव्हती. कुणाच्या देवाधर्मात आपण कसं तोंड घालायचं?

आणि त्याच्यासमोर खायचं तरी कसं? तेव्हा सशाने गुपचूप डबा रखवालदाराच्या कुत्र्याला घालायला सुरुवात केली. पाण्याची बाटली न्यायचीही सोडली. सकाळी काय तो घोटभर चहा. बायको खूश होती. "हल्ली डबा चाटूनपुसून येतो. वर हवा खाऊन भूक वाढलेली दिसते!"

दिवसेंदिवस त्याचे हात थरथरू लागले. तो समजला, हे भीतीमुळेच.

शेवटी एका सकाळी न राहवून त्याने मुकादमाला गाठलं. "नाही म्हणजे... चाचाचं काय सांगावं... उपाशीपोटी वर... भरवसा वाटत नाही."

"बरं झालं सांगितलंस," मुकादम म्हणाला. "आज जरा जरी गडबड झाली, तरी उद्यापासून तो खाली बादल्या भरेल. कायमचा. वर मी दुसरा माणूस देतो."

कायमचा! सशाला इतकं नको होतं. चाचाचा सगळा अभिमान त्या पाळण्यात होता. पण बोललेला शब्द परत कसा घेणार? तो मुकाट्याने वर गेला.

दुपारी काचांवरून ऊन नुसतं तोंडावर फेकल्यासारखं येत होतं. खालची माणसं मुंग्यांएवढी. "चल, एक मजला खाली," चाचा म्हणाला. दोघांनी रहाट धरले. ससा काचेत बघत होता. प्रतिबिंबातला चाचा हलला, डुलला, त्याचे दोन चाचा झाले. आली! त्याला चक्कर आली! ससा ओरडणार, एवढ्यात त्याच्याच हातातला रहाट गरकन सुटला. पायाखालची फळी धाडकन तिरपी झाली. बादली घरंगळत गेली आणि बऱ्याच वेळाने खालून आवाज आला. चुलीपाशी आई पडली होती तसाच.

रहाट थोपवणारी खिट्टी कशीबशी अडकली होती. ससा कठड्याला चिकटून डोळे गच्च मिटून बसला.

"हलू नकोस," चाचाचा आवाज शांत होता. त्याने आपला रहाट सावकाश सैल करून पाळणा सरळ केला, खिट्टी पक्की बसवली आणि जवळ येऊन सशाचा चेहरा वर उचलला. "तू काय खाल्लंस आज?"

सशाने मान फिरवली.

"काल?"

"तुझ्यासमोर कसं खाणार?"

चाचाने खिशातून खजूर आणि पाण्याची छोटी बाटली काढली. "घे."

"अरे, हे तर तुझं संध्याकाळचं..."

"संध्याकाळचं घरी आहे. हे रोज वर आणतो. चक्कर येतेय असं वाटलंच तर तोंडात टाकायला. जिवावर बेतलं तर रोजा सोडायची मुभा असते, वेड्या. तुझा जीव टांगणीला लावून मी कोणतं पुण्य कमावणार? मी पहाटे पोटभर जेवून येतो. तू मात्र नुसताच उपाशी!" तो हसला. "एकदा विचारायचंस तरी."

खजूर चघळताना सशाला रडू येत होतं.

खाली फुटक्या बादलीपाशी मुकादम उभाच होता. "आली ना त्याला चक्कर? सकाळी तूच म्हणालास, ह्याचा भरवसा नाही!"

चाचाची मान झटकन सशाकडे वळली. जितकं उंचावर नव्हतं वाटलं, तितकं भय सशाला आता जमिनीवर वाटलं. नुसती होकाराची मान हलवली असती, तरी तो सुटला असता.

"मला आली," तो म्हणाला.

"तुला? तुझा कुठे रोजा आहे?"

"नाही. म्हणूनच आली."

मुकादमाला काही कळलं नाही. "मग उद्यापासून तूच भर बादल्या!" तो गुरगुरला.

चाचा कमरेचा पट्टा सोडत होता. सशाकडे न बघताच तो मुकादमाला म्हणाला, "उद्या वर हाच येईल. फक्त माझ्यासमोर बसून डबा संपवेल. तोवर मी रहाटाला हात लावणार नाही."