दाहीच्या दाराकडे बघत
हाजी शाझलीची गाडी संध्याकाळी लक्सरच्या विमानतळावरून यायची होती आणि भिंतीवरचा काबा अजून अर्धाच होता. विमान झालं, उंट झाला. पण म्हातारा ज्याच्यासाठी एवढ्या लांब गेला, तोच अर्धवट! हजहून येणाऱ्याने आपल्या दाराशेजारच्या भिंतीवर प्रवासाची चित्रं रंगवलेली बघायची, ही गावाची रीत. म्हणून हाजीचा मुलगा हमदान शिडीखाली घिरट्या घालत होता.

शिडीवर होता बशंदी. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. पण यंदा डोळ्यांनी दगा दिला. सरळ बघावं तेच पुसलं जायचं, कडेचं तेवढं दिसायचं. त्याने हे बायकोलाही सांगितलं नव्हतं. आंधळ्या चिताऱ्याला भिंत कोण देतो? त्याने आपली युक्ती काढली होती: मान डावीकडे वळवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून रेघ ओढायची.

डावीकडे शेजारच्या दाहीचं दार होतं आणि दारात त्याची सून भाजी निवडत बसली होती.

दाही काठी घेऊनच बाहेर आला. "काय रे बशंदी, दाढी पांढरी झाली, लाज नाही वाटत? सकाळपासून माझ्या सुनेकडे टक लावून बसलायस."

हमदानही खवळला. हजची भिंत रंगवताना हे धंदे, म्हणत त्याने शिडी गदागदा हलवली. गप्प राहावं तर बदफैली ठरणार, बोलावं तर हातातला ब्रश जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी अब्रूच जड भरली.

"दारात कोणी बसलंय का?" तो म्हणाला. "मला दिसत नाही, दाही. जिकडे बघतो ते दिसतच नाही. तिकडे बघितलं की ही भिंत दिसते."

सून टोपली उचलून आत गेली. हमदानने हात पुढे केला. "उतरा उस्ताद. बापाच्या दारावर आंधळ्याचा काबा नको."

बशंदी उतरू लागला, तशी दाहीने काठी आडवी घातली. "आणि हे अर्धवट मी रोज उठून बघू?" तो हमदानवर डाफरला. "तू पुरा करणारेस? तुला धड गाढव काढता येत नाही."

मग त्याने आतून स्टूल आणलं आणि दारात बसला.

"बघ माझ्याकडे. पोटभर बघ. आणि काढ."

कालव्याच्या पुलावर गाडीचा हॉर्न वाजला. बशंदीने मान वळवली. रेघ सरळ उतरली. मग दुसरी. दाहीचे डोळे भरून आलेले सगळ्या गल्लीने बघितले. त्याच्याकडेच टक लावून बसलेल्या बशंदीला मात्र ते दिसले नाहीत.