अर्लीनबाईंचा डुकाना

नारळ खवट निघाला, हे घरात सगळ्यांत आधी कुणाला कळतं, सांगाल? खाणाऱ्याला नाही. करणारीलाही नाही. ते मला कळतं. मी विळी आहे. माझ्या पात्याच्या टोकाला जे गोल, दातेरी फूल आहे ना, ती माझी खवणी. तीच माझी जीभ म्हणा हवं तर.

माझा जन्म देवरुखच्या एका लोहाराकडे झाला. शुभाच्या लग्नात तिच्या आईने मला दिलं. पुढे ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली, तेव्हा मी दोन जुन्या साड्यांत गुंडाळलेली, बॅगेच्या तळाशी होते. तेव्हापासून नेपरव्हिल हेच माझं गाव. बाहेर परका मुलूख आणि आत जमिनीवर मला पुढ्यात घेऊन बसलेली शुभा, असे किती गणपती आणि नारळी पौर्णिमा आम्ही काढल्या!

मग दुकानात खवलेल्या नारळाची गोठवलेली पाकिटं मिळू लागली. शुभाचे गुडघेही दुखू लागले. मी बेसमेंटमध्ये गेले, जुन्या टीव्हीच्या खोक्यामागे. नऊ वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. राग नाही माझा. माणसं सोय बघतात.

या एप्रिलमध्ये मला वर आणलं ते कॅमिलने. कॅमिल शुभाची सून. शुभाचा नवरा गेल्यावर मुलगा ईशान आणि कॅमिल तिच्याकडेच राहायला आले. कॅमिलची आई अर्लीनबाई मूळच्या अँटिग्वा बेटावरच्या. न्यूयॉर्कमध्ये तीस वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेल्या. पोटाचा आजार हाताबाहेर गेला, तेव्हा लेकीने त्यांना इथे आणलं आणि हॉलमध्ये, स्वयंपाकघर दिसेल असा पलंग लावला. घरी येणारी नर्स म्हणाली, "मागतील ते द्या. आता पथ्य नाही."

शुभा त्यांना पाच वर्षं 'कॅमिलची आई' म्हणत होती. विहीणबाई म्हणायला जीभ वळत नव्हती. भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता.

अर्लीनबाईंनी डुकाना मागितला, आणि त्यासाठी ताजा नारळ खवायला म्हणून कॅमिलने मला वर आणलं. किसलेलं पांढरं रताळं, ओला नारळ, साखर, थोडं पीठ, जायफळ. सगळं कालवून केळीच्या पानात बांधायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं.

"अगं बाई, हे तर आमच्या पातोळ्यांचं भावंड!" शुभा म्हणाली, आणि पहिल्यांदाच पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली. "माप किती?"

"माप?" अर्लीनबाई हसल्या. "कच्चं पीठ चाखायचं. जीभ सांगते. कॅमिलला शिकवायचं राहिलं. ती कायम घाईत असायची. आता मी घाईत आहे."

आई आहे तोवर कॅमिलला ती चव शिकून घ्यायची होती. डॉक्टर आता महिने नव्हे, दिवस मोजत होते.

तेवढ्यात अर्लीनबाईंची नजर माझ्यावर पडली. "हे काय? याच्यावर बसतात? आम्ही पत्र्याला खिळ्याने भोकं पाडून किसायचो, बोटांची सालं निघायची. तू तर राणीसारखी बसून खवतेस, शुभा!"

"राणीचे गुडघे गेलेत," शुभा म्हणाली. दोघी हसल्या. मला बरं वाटलं. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

शुभाने नारळ फोडला. पूर्वी ती आधी पाणी पिऊन बघायची, खोबऱ्याचा एक तुकडा दाताखाली धरायची. नऊ वर्षं पाकिटं फोडून ती सवय मोडली होती. पाणी तिने सरळ सिंकमध्ये ओतलं. पहिल्याच फेऱ्याला माझ्या दातांना कळलं. खोबरं पिवळट होतं, तेलकट, आतून सुटत आलेलं. मी करकरले. शुभाला वाटलं, गंज बोलतोय.

पीठ कालवून झाल्यावर कॅमिलने चमचा बुडवला. "मॉम ऑलवेज टेस्ट करते, आई," ती शुभाला म्हणाली.

शुभाने तिचा हात धरला. "नको गं. आजारी माणसाच्या तोंडात पडायचंय. आधी त्यांना, मग आपण. आपल्याकडे नैवेद्य असाच करतात."

'आपल्याकडे' हा शब्द कॅमिलच्या वाट्याला पाच वर्षांत पहिल्यांदा आला होता. तिने चमचा खाली ठेवला.

दुपारी चारला शुभाने शिजलेल्या डुकान्याचं पान उलगडलं. नखाएवढा घास कॅमिलने आईच्या तोंडात दिला. अर्लीनबाईंनी तो एकदा चावला आणि कागदी रुमालात काढून ठेवला.

"शुभा, नारळ खवट आहे."

शुभाने स्वतः घास घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला. "सॉरी, विहीणबाई. मी चाखलंच नाही हो."

"तोंड पाडू नकोस. मरायला टेकलेल्या बाईने खोटं कशाला बोलायचं?" त्या दमून थांबल्या. "उद्या पुन्हा कर. कच्चं पीठ आधी माझ्याकडे आणा. किती साखर, किती जायफळ, मी सांगेन. कॅमिल, तू माझ्याबरोबर चाख."

"प्रॉमिस?" कॅमिलने विचारलं.

"सकाळी लवकर," अर्लीनबाई म्हणाल्या.

संध्याकाळी ईशान ऑफिसहून येताना दोन नवे नारळ घेऊन आला. शुभाने उरलेले डुकाने टाकून दिले आणि मला तीनदा घासलं. घासताना ती रडत होती. तिच्या मनात वाईट नव्हतं, हे तुम्हीही समजून घ्या. ज्याच्यासाठी करतो त्याच्या आधी तोंड लावायचं नाही, एवढंच तिला माहीत होतं. पण मी लोखंडाची असूनही सांगते: आपल्या माणसासाठी काही करत असाल, तर आधी चाखून बघा. देव थांबतो. माणसाला थांबता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभाने नवा नारळ फोडून चाखला, तो गोड होता, आणि कॅमिल मला पुढ्यात घेऊन खवायला बसली. एक वाटी खवून ती आईला दाखवायला गेली, तेव्हा अर्लीनबाई गेल्या होत्या.