साडेसातवरून पाच

फुसाएने टेबलावर सांडलेला चहा पुसला. तो तिच्या नवऱ्याच्या, तोकुजींच्या, नाकातून परत आला होता. या आठवड्यात तिसऱ्यांदा.

"आज डॉक्टरांना हे सांगणार ना?"

"सांगतो की."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात."

मागच्या वेळी खुर्चीत बसण्याआधीच तोकुजी कमरेत वाकले होते आणि म्हणाले होते, "आपल्या कृपेने बरा आहे." चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन तातामी चटया बसवणाऱ्या माणसाला दुसरं उत्तर ठाऊकच नव्हतं. स्नायू दुबळे करणाऱ्या त्यांच्या आजारावरचं स्टिरॉइड डॉक्टर या उत्तराच्या भरवशावर कमी करत आले होते. वीस मिलिग्रॅम, पंधरा, दहा, साडेसात.

आज तीही त्यांच्याबरोबर तपासणीच्या खोलीत गेली.

"कसं वाटतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

तोकुजी वाकले. "आपल्या कृपेने..."

"कसली कृपा!" फुसाए बोलून गेली. "चहा नाकातून येतो यांच्या. दुपारनंतर पापणी उघडत नाही. केस विंचरताना हात खाली पडतो. आणि इथं आले की वाकून वाकून बरे होतात!"

संगणकाच्या पडद्यावर नवा डोस 'पाच' टाइप करून झाला होता. डॉक्टरांनी हात आवरला आणि तोकुजींना छताकडे बघत राहायला सांगितलं. अर्ध्या मिनिटात डावी पापणी घसरली.

"पाच नको. साडेबारा घ्या, आठवड्याने दाखवा. घास अडकला किंवा धाप लागली, तर तडक अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा."

बसथांब्यावर पोचले तरी फुसाएचा राग अजून उतरला नव्हता.

"जीव गेला तरी चालेल, पण डॉक्टरांना वाईट वाटायला नको. काय माणूस आहे!"

"डॉक्टरांचं नाही गं." त्यांनी पापणी बोटाने उचलून धरली आणि तिच्याकडे पाहिलं. "वीसवर होतो, तेव्हा त्या गोळीने डोकं फिरून तुझ्यावर वाडगा फेकला होता मी."

"लागला कुठं?"

"नेम चुकला म्हणून."

फुसाएने बस दिसतेय का ते वाकून पाहिलं.

"साडेबारात तसं काही होत नाही," ती म्हणाली.

"झालं तर?"

"तर मी परत फेकीन. माझे हात धड आहेत."

बस आली. पायरी चढताना तोकुजींनी, कधी नव्हे ते, सगळा भार तिच्या खांद्यावर टाकला.