नेमगोंडांच्या चार ओळी

“खरं हाय तेवढंच लिही. आणि लोकास्नी दाखवायच्या आदी मला वाचून दाखव.”

आत्याचं हे वाक्य मनात घोळवत ब्राह्मी निपाणीच्या स्टँडवर उतरली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, हातात घरून गाळून आणलेल्या पाण्याची बाटली. वखारींकडून तंबाखूचा उग्र वास आला तशी तिला दोनदा शिंक आली. लहानपणापासून यायची. आत्या म्हणायची, निपाणीनं तुला वळखलं बघ.

ती बेळगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात होती. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात फावल्या वेळी भर घालणं हा तिचा गेल्या काही वर्षांचा छंद. जुन्या जैन बस्त्या म्हणजे मंदिरं, रानभाज्या, खेड्यांची नावं. त्याच ज्ञानकोशात तिच्या आज्जांवर कुणीतरी लिहिलेला चार ओळींचा लेख होता. नेमगोंडा मगदूम, जन्म निपाणीजवळच्या खेड्यात. बुद्धिबळपटू. दुसऱ्या महायुद्धात दिल्लीच्या लष्करी कचेरीत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम. युद्धानंतर अज्ञात कारणाने खेळ सोडला.

गेल्या आठवड्यात त्या चार ओळींच्या डोक्यावर सूचना लागली होती. मजकूर तोकडा आहे, छापील संदर्भ नाही. सुधारणा न झाल्यास लेख वगळण्यात येईल. उद्या सकाळी मुदत संपत होती. ब्राह्मीनं आपण त्यांची नात असल्याचं लेखाच्या चर्चापानावर सांगून टाकलं होतं. तिथल्या एका संपादकानं उत्तर दिलं होतं, मग आपलं सांगणं संदर्भ म्हणून धरता येणार नाही. वाईट वाटलं, पण ते तिलाही पटलं होतं.

आणि परवा संदर्भ सापडला. ग्रंथालयाला देणगीत आलेल्या पुस्तकांत ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं एका इंग्रज अधिकाऱ्याचं पुस्तक होतं, आणि त्यात आज्जांवर चक्क एक परिच्छेद. तिनं आत्याला लगेच फोन केला होता. लेख राहील, आज्जांचं नाव पुसू देणार नाही, असा शब्दच देऊन बसली होती.

दार दिव्यानं, आत्याच्या सुनेनं उघडलं. आत्या, अक्काताई, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर तो पुन्हा उठलाच नव्हता. जीभ मात्र शाबूत होती.

“वाळलीस गं. तू उपास करतीस का उपास तुला करतोय?”

ब्राह्मी हसली, पाया पडली. ख्यालीखुशाली झाली. बेळगावचं ऊन, रस्त्याची कामं, संकेश्वरला ऊसगाड्यांमागे बस कशी अडकून पडली, सगळं सांगून झालं. आत्याच्या लेखी कुणी आल्याबरोबर कामाचं बोलणं हा उद्धटपणा होता. शेवटी तिनंच खुणेनं पिशवी दाखवली.

ब्राह्मीनं लॅपटॉप उघडला आणि घसा साफ करून वाचलं. जन्म, शिक्षण, सांगलीच्या स्पर्धा, दिल्लीची कचेरी. चार ओळींच्या आता पंधरा झाल्या होत्या. मग ती मुद्दाम राखून ठेवलेल्या ओळींवर आली.

“‘मगदूम यांनी उलगडलेल्या संदेशामुळे रसद घेऊन निघालेल्या शत्रूच्या जहाजाचा मार्ग कळला व ते बुडवण्यात आले. युद्धातील विजयात हे त्यांचे अभिमानास्पद योगदान होय.’”

तिनं वर बघितलं. आत्याचे डोळे पाणावले असतील असं तिला वाटलं होतं. ते कोरडे होते.

“त्या जहाजावर माणसं हुती न्हवं? त्यांचं काय झालं, लिवलंय का त्या पुस्तकात?”

“लिहिलंय. एकही जिवंत राहिला नाही.”

“मग ते का सोडलंस?”

पुस्तकातल्या त्या ओळीखाली ब्राह्मीनं पेन्सिलीनं रेघही मारली होती. पण लेखात घ्यावीशी वाटली नव्हती.

अक्काताईंनी दिव्याला हाक मारून पाणी मागितलं, घोटभर प्यायल्या, आणि मग हळूहळू सांगायला लागल्या. युद्ध संपल्यावर आप्पा, म्हणजे ब्राह्मीचे आज्जा, सांगलीला एक डाव खेळायला बसले होते. डाव हातात आलेला. त्यांनी समोरच्याचं एक मोहरं मारलं, उचललं, आणि ते मुठीत धरूनच बसले. मारलेलं मोहरं पटाबाहेर ठेवायचं असतं. ते त्यांना खाली ठेववेना. घड्याळ चालत होतं, माणसं बघत होती. तसेच उठले, मूठ उघडून मोहरं परत पटावर ठेवलं आणि बाहेर पडले. लोक म्हणाले, भ्यालं.

त्या चातुर्मासात जवळच्या गावी एक मुनिमहाराज होते. त्यांच्यापुढं आप्पांनी सगळं सांगून प्रायश्चित्त मागितलं. महाराजांनी सर्वांत आवडती वस्तू सोडायला सांगितली. पट तिथंच ठेवून आप्पा घरी आले. आणि रोज पहाटे एक जास्तीची माळ ओढायला लागले.

ती माळ ब्राह्मीला आठवत होती. आज्जी तिला सवतीची माळ म्हणायची. दिल्लीत कुणीतरी बाई ठेवून आलाय तुझा आज्जा, तिच्या नावानं रोज जपतोय, असं नातवंडांसमोर चिडवायची. आज्जा नुसते हसायचे.

“जहाजावरच्या माणसांची नावं ठाऊक न्हाईत म्हणून काय झालं, म्हणायचे. म्हातारपणी हात कापाय लागला तवा मला सांगितलं, आणि माळ माझ्याकडं दिली.”

दिव्या पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली.

“सरकारी काम होतं, आत्या. युद्ध होतं. आज्जांनी नुसता कागद वाचला.”

“व्हय की. हे आप्पांनी बी सोताला लई वेळा सांगून बघितलं.” अक्काताईंनी डाव्या हातानं उजवा हात उचलून नीट ठेवला. “करणं, करवणं, आणि झालं ते चांगलं झालं म्हणणं. रोज म्हणतीस न्हवं गं पाठात? पयली दोन त्यांनी अंगावर घेतली. तिसरं जलमभर केलं न्हाय. ते आता तू त्यांच्या नावानं कराय लागलीयास.”

ब्राह्मीचा हात लॅपटॉपच्या कडेवर गेला आणि तिथंच थांबला. कृत, कारित, अनुमोदना. रोज संध्याकाळी प्रतिक्रमणात, दिवसभराच्या दोषांची कबुली देताना, हे शब्द तिच्या ओठांवरून सरसर निघून जात. कधी अडखळली म्हणून नव्हती.

“ही ओळ काढली तर लेख राहणार नाही, आत्या. छापून आलेलं तेवढंच आहे. मी तुला शब्द दिलाय.”

“काढ म्हणून कोण सांगतंय? घडलंय ते घडलंय. पुरं लिही.”

ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर चढलं होतं. ब्राह्मीनं ‘अभिमानास्पद’ची ओळ पुसली. त्या जागी लिहिलं, जहाजावरील सर्वजण मृत्युमुखी पडले. पुस्तकाचं नाव, पान घातलं. मग खेळ सोडल्याची शेवटची ओळ उचलून तिच्या खाली आणली. ‘अज्ञात कारणाने’ या शब्दांपाशी ती बराच वेळ थांबली. ते आता तिला लिहिता येत नव्हते, आणि कारण लिहायला पुरावा नव्हता. तिनं ते दोन शब्दच काढून टाकले आणि वाचून दाखवलं.

“‘जहाज बुडवण्यात आले. जहाजावरील सर्वजण मृत्युमुखी पडले. युद्धानंतर मगदूम यांनी बुद्धिबळ खेळणे सोडले.’”

“एवढंच?”

“एवढंच लिहिता येतं. एवढ्यावर ठेवतील का, ते नाही सांगता येत.”

“मग बरं हाय.”

दिव्यानं आतून हाक दिली. दिवस मावळायच्या आत जेवायचं होतं. तिघी जेवल्या, आत्याला भाकरी कुस्करून ब्राह्मीनं भरवली. हात धुऊन तिनं निघायला पायताणं घातली, तेव्हा अक्काताईंनी मान वळवून देवघराच्या खुंटीकडं बघितलं. तिथं सुताची माळ लटकत होती, मधले मणी झिजून काळपट झालेले.

“डाव्या हातानं वढवत न्हाय गं. मनात म्हणतीय, पण मधीच डोळा लागतोय.”

त्यापुढं त्या काही बोलल्या नाहीत. ब्राह्मीनं पायताणं पुन्हा काढली, आत गेली आणि माळ उतरवली.

“उद्यापासून,” ती म्हणाली.

“आजारी पडलीस तरी हं.”

“व्हय.”

दुसऱ्या दिवशी बेळगावला खासबागेतल्या घरी ती नेहमीसारखी झुंजुमुंजू असतानाच उठली. आंघोळ करून आली तेव्हा मेजावरचा फोन एकदा उजळला. ज्ञानकोशाच्या चर्चापानावर कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं. तिनं तो हातात घेतला, आणि न वाचताच पालथा ठेवला.

पाटावर बसून तिनं पिशवीतून माळ काढली. णमोकार मंत्र म्हणून झाला. पुढं ज्यांच्यासाठी माळ त्यांचं नाव घ्यायचं, पण जहाजावरच्या कुणाचंच ठाऊक नव्हतं. तिनं डोळे मिटले, क्षणभर थांबली, आणि पहिला मणी ओढला.