घरचं माणूस वगळून

ताईला पहिल्यांदा ताई कोण म्हणालं, हे आता कोणालाच आठवत नाही. तिच्याहून वयाने मोठे असलेले लोकसुद्धा तिला ताईच म्हणत, आणि एकदा ताई म्हटलं की काम सांगायला मोकळे होत. ती खुणांच्या भाषेची दुभाषी. कर्णबधिर माणूस दवाखान्यात, बँकेत किंवा कोर्टात गेला की समोरच्याचं बोलणं हातांनी त्याला सांगायचं आणि त्याच्या हातांचं बोलणं तोंडाने समोरच्याला सांगायचं, हा तिचा धंदा. आईवडील दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ही भाषा तिला शिकावी लागली नाही. तिचे हात तोंडाआधी बोलायला लागले होते.

काही वर्षांपूर्वी तिने ओळखीच्या चारपाच दुभाष्यांना घेऊन एक मंडळ काढलं. काढलं म्हणजे काय, एकमेकांचे नंबर घेतले आणि फोनवर एक ग्रुप केला. एक आजारी पडला तर दुसऱ्याने जायचं, इतकंच ठरलं होतं, तेही तोंडी. मग एकाच्या ओळखीने दुसरा येत गेला. शाळांतले शिक्षक आले, नुकताच कोर्स संपवलेली पोरंपोरी आली, कर्णबधिर मुलांचे आईबापही आले. लोक वाढले म्हणून वर्गणी सुरू झाली, वर्गणी आली म्हणून बँकेत खातं उघडलं, खातं उघडलं म्हणून अध्यक्ष लागला. अध्यक्ष कोण व्हावं यावर साधी चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी ताईकडे पाहिलं आणि चहा मागवला.

तेव्हापासून तिचा फोन गप्प म्हणून बसला नाही. मंडळाच्या ग्रुपवर भाड्याच्या खोल्या निघत, जुनी शिलाई मशीन विकायला येत, कोणाच्या तरी भाचीसाठी स्थळ विचारलं जाई. कोणी कोणाला उलट बोललं की दोघंही ताईकडे येत आणि दोघांचंही म्हणणं असे की ताई, तुम्ही तरी सांगा. ती जेवायला बसली की फोन वाजे, आणि पान गार झाल्यावर थांबे. दोनदा तिने राजीनामा दिला. पहिल्यांदा लोकांना ते भाषण वाटलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा चारजण फुलांचा गुच्छ घेऊन घरी आले, चहा प्यायले, मंडळ तिच्याशिवाय कसं अनाथ होईल ते सांगून गेले. राजीनामा फ्रिजवरच राहिला.

तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. बोलायला कमी, पण बोलला की नेमकं. एकदा तिचं गार झालेलं ताट पुन्हा गरम करता करता तो म्हणाला, "माझ्याकडे फ्रिज बिघडला की येतात. तुझ्याकडे काय बिघडलं की यायचं, ते एकदा पाटीवर लिहून टाक."

ती हसली. पण नंतर भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की पाटीवर काय लिहायचं ते आपल्याला सांगता येत नाही. सोडता येत नाही आणि का धरलंय तेही माहीत नाही, अशी तिची गत झाली होती.

तिने सभा बोलावली. एका शाळेचा वर्ग मिळाला. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळे गुडघे छातीशी घेऊन बसले होते. ताईने खडू घेतला आणि विचारलं, हे मंडळ कशासाठी आहे, एका वाक्यात सांगा. फळा बघता बघता भरला. कोणाला ठरलेले दर हवे होते, कोणाला प्रशिक्षण, कोणाला भिंतीवर लावायला प्रमाणपत्र. एकाने वर्षातून एक सहल असं सुचवलं आणि त्यालाच सगळ्यात जास्त माना डोलल्या. तासाभराने ताईने हात टेकले. फळ्यावर सगळं होतं आणि वाक्य एकही नव्हतं.

शेवटच्या बाकावर कोर्टवाले काका बसले होते. जन्मभर कोर्टात दुभाष्याचं काम केलेले, कमालीचे कोरडे गृहस्थ. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "काय काय करायचं ते कोणीही सांगेल, ताई. कोणती गोष्ट या जगात होऊ नये म्हणून तुम्ही हे सुरू केलं, ते सांगा."

ताईने डस्टर उचललं. तिला जे आठवलं ते तिने वर्गात सांगितलं नाही. ती दुसरी-तिसरीत होती. आईला दिवस गेले होते आणि पोट दुखतं म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं होतं. सांगायला नेहमीप्रमाणे ही. डॉक्टर म्हणाले, आईला सांग, पोटातल्या बाळाचा जीव गेलाय. तिला शब्द कळले, पण हातांना ते करवेना. तिने गालाशी हात नेऊन खूण केली की बाळ झोपलंय. आई हसली. डॉक्टर म्हणाले, नीट सांग. मग तिने नीट सांगितलं. त्या दिवसानंतर किती तरी वर्षं आईकडून ओरडा बसला की तिला वाटायचं, हे त्याचंच असणार.

तिने फळा पुसला आणि लिहिलं: कर्णबधिर माणसाला डॉक्टरकडे, बँकेत, कोर्टात बोलण्यासाठी घरचं माणूस घेऊन जावं लागू नये. आपण जायचं.

सहलवाल्यानेसुद्धा ते वहीत उतरवून घेतलं. कोर्टवाले काका चष्मा पुसत म्हणाले की मग हे आपल्यालाही लागू, सभासदानेही स्वतःच्या घरच्यांसाठी दुभाषी म्हणून बसायचं नाही, नाहीतर या वाक्याला काय किंमत. ताईने ते खाली लिहून टाकलं. लिहिताना तिच्या डोक्यात बाबा नव्हते.

पुढचे काही आठवडे तिला तापातून उठल्यासारखं हलकं वाटलं. खोल्या आणि शिलाई मशिनी ग्रुपवरून गेल्या. काही लोक रुसून गेले, त्यांना तिने जाऊ दिलं. एक मुलगा सवयीने स्वतःच्या आईबरोबर दवाखान्यात गेला होता. त्याला तिने फोन करून समजावलं की तुझ्या जागी दुसरं कोणी जाईल, तू आईचा मुलगा म्हणून जा. त्याने ते ऐकलं. ताट गरम असताना जेवणं व्हायला लागली.

आणि मग बाबांचं वजन उतरायला लागलं.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा पलीकडच्या गल्लीत एकटे राहत. छापखान्यात त्यांची हयात गेली होती. यंत्रांच्या आवाजाचा त्रास न होणारा आपण एकटेच, हा त्यांचा ठरलेला विनोद होता आणि नव्या माणसाला ते तो करून दाखवल्याशिवाय सोडत नसत. त्यांच्या तपासण्या झाल्या आणि मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट घेऊन बोलावलं. बाबांनी ताईला दिवस आणि वेळ सांगितली. येशील का, असं विचारलं नाही. ते त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

ताईने त्यांना हातांनी सांगितलं की या वेळी माझ्याऐवजी मास्तरीणबाई आत येतील. मास्तरीणबाई म्हणजे मंडळातल्याच, कर्णबधिरांच्या शाळेत शिकवणाऱ्या. खुणा स्वच्छ, स्वभाव मोजका.

बाबांनी विचारलं, "तू गावाला चाललीस?"

"नाही. मी बाहेर बसेन."

"मग?"

तिने मंडळाचं वाक्य सांगितलं, कारण सांगितलं, आईचं नाव तेवढं घेतलं नाही. बाबा तिच्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांचे हात सावकाश उठले. "माझ्या पोटात काय आहे, ते परकी बाई मला सांगणार. आणि ज्या पोरीला मी वाढवलं ती बाहेर बाकावर बसणार."

ती उत्तर द्यायला लागली तेवढ्यात त्यांनी डोळे मिटून घेतले. ऐकू न येणाऱ्या माणसाने डोळे मिटले की बोलणं संपतं. लहानपणी आईबाबांचं भांडण असंच संपायचं. ताई त्यांच्या समोर हात हवेत धरून उभी राहिली आणि मग घरी आली.

नवरा म्हणाला की जा आत, कोणाला कळणार आहे. तिलाही तेच हवं होतं. पण ते दुसऱ्या कोणीतरी परवानगी दिल्यासारखं हवं होतं, म्हणून तिने कोर्टवाल्या काकांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "वाक्य तुमचं आहे. तुम्ही खोडलंत तर मी हरकत घेणार नाही." यापेक्षा त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. खोडावं तर फोन करून समजावलेल्या त्या मुलाला काय तोंड दाखवायचं, न खोडावं तर बाबांना काय. मंडळातून सुटण्यासाठी तिने ते वाक्य शोधलं होतं आणि आता त्याच वाक्याने तिला चारी बाजूंनी धरलं होतं.

दवाखान्यात बाबा आले ते मास्तरीणबाईंना नमस्कार करून आणि ताईकडे न बघता. दोघं आत गेले, दार बंद झालं. दाराला दुधी काच होती. तिच्यातून आकृत्या दिसत, हात हललेले दिसत, पण बोटं दिसत नव्हती. अशा प्रत्येक दाराच्या आतच ताईचं बालपण गेलं होतं. बाहेरून दार कसं दिसतं हे तिला माहीतच नव्हतं. एकदा बाबांचे हात जोरात वर गेले. ती उठली, दाराच्या मुठीवर हात ठेवला. आत गेलं तर सगळं दोन मिनिटांत कळणार होतं. मग बाबांचे हात खाली आले आणि दुसरे हात सावकाश हलायला लागले. ती मूठ सोडून पुन्हा बसली.

बऱ्याच वेळाने मास्तरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मला काही विचारू नका."

"मी विचारलं नाही."

"डोळ्यांनी विचारताय."

मागून बाबा आले. रिपोर्टची फाईल त्यांनी काखेत घट्ट धरली होती. ताईने ती घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. काय म्हणाले, असं तिने विचारलं. सांगेन, असं ते म्हणाले. कधी, असं तिने विचारलं.

बाबा भिंतीला टेकले. फाईल गुडघ्यांत धरून त्यांनी हात मोकळे केले. "माझी प्रत्येक बातमी मी आधी तुझ्या तोंडावर वाचली आहे. तू हात उचलायच्या आत मला कळायचं आणि मग मी तुला सांभाळायचो. आज बाईंच्या तोंडावर काही नव्हतं. मी घाबरलो. रागावलो. डॉक्टरला नको ते विचारलं. तुझ्यासमोर विचारलं नसतं." मग ते म्हणाले, "आता हे आधी मला नीट कळू दे."

मग ते चालू लागले. ताई त्यांच्या मागून गेली. रस्ताभर ते बसच्या खिडकीबाहेर बघत होते, त्यामुळे त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती.

बाबांनी सांगितलं, पण त्यांच्या सवडीने, एक दिवस जेवण झाल्यावर, हात धुऊन, पुसून. आजार आटोक्यात येण्यासारखा होता, उपचार लांबणार होते. त्यांनी किती सांगितलं आणि किती स्वतःजवळ ठेवलं हे तिला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपण स्वतःच फळ्यावर लिहून सोडला आहे हे तिला कळत होतं. नंतरच्या प्रत्येक खेपेलाही मास्तरीणबाईच गेल्या. बाबा आता त्यांना छापखान्याचे विनोद सांगतात.

मंडळात लोक कौतुकाने म्हणतात की ताईंनी आधी स्वतःच्या घरी करून दाखवलं. बाबांना सोबत म्हणून ती अजून जाते आणि बाहेरच्या बाकावर बसते. दुधी काचेचं दार लागलं की मांडीवरचे तिचे हात आपसूक हलायला लागतात, ज्या बोलण्यातलं अक्षरही तिच्यापर्यंत पोचत नाही ते सांगायला. मग ती बोटं बोटांत अडकवते आणि दार उघडेपर्यंत तशीच धरून ठेवते.