काय मागू, ताई?

हेडफोनचा डाव्या कानावरचा स्पंज पुन्हा निघाला होता, आणि तो बोटानं आत कोंबत असतानाच पलीकडून आवाज आला, "ताई, मी बोलतोय" — जणू साऱ्या जगात ‘मी’ म्हणवून घेणारा हा एकटाच. सव्वाअकरा वाजले होते. सकाळपासूनचा तिसरा फोन.

समुद्रापलीकडच्या ख्रिस्ती पाळकांना ऑनलाइन धर्मशिक्षण देणाऱ्या त्या संस्थेत ती देवाचं काही शिकवत नव्हती. लॉगिन होत नाही, आवाज येत नाही, पेपर चढत नाही, असल्या रडकथा ऐकायच्या आणि निस्तरायच्या, एवढंच तिचं काम. फोनवरचा हा माणूस आठवडाभर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि रविवारी चाळीस माणसांच्या मंडळीपुढे उभा राहायचा. पन्नाशी उलटलेली. पासवर्ड विसरण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, म्हणून ऑफिसात त्याचं नावच पडलं होतं, पासवर्डबुवा.

"पाळकसाहेब, पहिलं अक्षर मोठं टाका."

"मोठंच टाकलंय, ताई. सगळीच मोठी टाकली."

"सगळी नाही हो! फक्त पहिलं!"

"मग बाकीच्यांना वाईट नाही वाटणार?" आणि तो स्वतःच खो-खो हसला.

हसतोय! बाराला समुपदेशनाचा पेपर बंद होणार, तो चुकला की वर्ष वाया, आणि यंदा प्रमाणपत्र मिळालं नाही तर त्या चाळीस माणसांवर दुसरा पाळक नेमणार, हे यानंच मागच्या आठवड्यात सांगितलेलं… आणि हसतोय. काळजी करायची ती मी. का म्हणून? माझा कोण लागतो हा?

शेवटी त्यानं उत्तरांचे फोटो काढून पाठवले. सात पानं, सातही आडवी, एकावर त्याचा काळा पडलेला अंगठा. ती एकेक पान सरळ करत गेली. वाचायचं नव्हतं, पण सरळ करताना नजर जायचीच. चौथा प्रश्न, वीस गुणांचा — शोकात असलेली व्यक्ती संतापली, तर पाळकाने काय करावे? खाली चार ओळी. ‘काही बोलू नये. एका माणसाने मला घराबाहेर काढले. मी बाहेर बसून त्याच्या दाराची बिजागरी दुरुस्त केली. तिसऱ्या दिवशी तो बोलला.’ संपलं.

"अहो, इथे पाच टप्पे लिहायचे होते! व्हिडिओत होते की सगळे!"

"तो व्हिडिओ मध्येच अडकायचा, ताई. पण बिजागरी खरी आहे."

खरी आहे! खऱ्याला कोण गुण देतंय? कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण तो हात माउसवर होता, आणि घड्याळात बाराला बारा मिनिटं. तिनं पानं जोडली, चढवली, हिरवी खूण आली तसा श्वास सोडला.

आता फोन ठेवावा की नाही? पण नाही. दर वेळी शेवटी त्याचं ते ठरलेलंच, "ताई, प्रार्थनेत तुमच्यासाठी काय मागू?" आणि तीही दर वेळी म्हणायची, तुमचं नेट नीट चालू दे, तेच मागा. मग खरंच सगळ्या मंडळीनं गुडघे टेकून नेटसाठी प्रार्थना केली, असं तो पुढच्या फोनवर सांगायचा. आजही तेच सांगायचं होतं. पण थकवा असेल, नाहीतर ती बिजागरी… तोंडातून भलतंच निघालं.

"माझी बहीण."

"काय झालं तिला?"

"काही नाही. म्हणजे… होती. आता नाही."

"नाव काय तिचं?"

"चिमी म्हणायचो आम्ही."

"देव तिला विसावा देवो, ताई. आज बुधवार, संध्याकाळी सगळे जमतात, मी सांगतो त्यांना—" आणि लाइन कटली.

विसावा?

"मेली नाहीये ती!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की समोरच्या ग्रंथपालबाईंनी मान वर केली.

"कोण गं?"

"कुणी नाही."

तिनं फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. या माणसाला पासवर्ड आठवत नाही, पण चिमी हे नाव तो विसरणार नाही, याची तिला खात्री होती. चाळीस अनोळखी माणसं डोळे मिटून, जिभेला न झेपणारं ते नाव कसंबसं उच्चारत, हळहळणार… आणि चिमी इथे, याच गावात, बसनं चार थांब्यांवर, आत्ता बहुतेक मुलाचा डबा भरत असेल, झाकण लागत नाही म्हणून त्याच्यावर चिडत असेल. काय मूर्ख माणूस! नीट विचारायला नको? ‘आता नाही’ याचे काय दहा अर्थ होत नाहीत?

पण तो अर्थ त्याच्या पदरचा नव्हता. सात महिन्यांपूर्वी, बाबांना नेल्यावर दोन तासांनी चिमी धापा टाकत दारात आली, तेव्हा चार नातेवाइकांदेखत मीच म्हटलं होतं — बाबांबरोबर तूही गेलीस, असं समजेन मी. चिमीनं चपला काढल्या नव्हत्याच, तशीच वळली. त्यानंतर कुणी विचारलं, तर ‘बरी आहे’ म्हणायचं, विषय बदलायचा. सात महिन्यांत ‘तूही गेलीस’ या वाक्यावर विश्वास ठेवणारा हा पहिलाच माणूस भेटला होता.

तिनं ईमेल उघडला. ‘पाळकसाहेब, तुमचा गैरसमज झाला आहे. माझी बहीण जिवंत आहे.’ बोटं थांबली. ते शेवटचं वाक्य तिनं एकदा वाचलं, मग पुन्हा, ओठ हलवत. चिडायला हवं होतं, चिडतही होती, पण नेमकी कुणावर, ते सापडेना. ‘जिवंत आहे, पण’ असं तिनं पुढे टाइप केलं. या ‘पण’च्या पुढचं इतके दिवस तिला तोंडपाठ होतं, उशीर, बेफिकिरी, सगळं सगळं, क्रमानं. आता तिनं हात कळफलकावर ठेवले आणि त्यातलं पहिलं काय होतं, ते तिला आठवेना.