काल कुठवर?

लाथ बरोबर नडगीवर बसली, तेव्हा मी ओळखलं, हे पुलावर पोचले.

बाहेर नुकतं फटफटत होतं. पांघरुणाखाली ह्यांचे दोन्ही पाय चालले होते, एक वर, एक खाली, अगदी तालात. जो डावा पाय दिवसा जिना उतरताना कुरकुर करतो, तोसुद्धा कसा तेल घातल्यासारखा फिरत होता. चेहऱ्यावर इतकं समाधान की हलवून उठवायला माझा हात होईना. मी भिंतीकडे सरकले आणि नडगी चोळत पडून राहिले. बायकोच्या नडगीवरून रस्ता काढणारा हा जगातला पहिलाच सायकलस्वार असेल.

चहा पिताना विचारलं, "काल कुठवर गेला होतात?"

"पुलापलीकडे." हे थोडे लाजले, पण सांगायची घाईही होती. "नदी नव्हतीच गं. खाली सगळी काच. लख्ख घासलेली. आतलं सगळं दिसत होतं. मासे, गोटे, कुणाचा तरी पडलेला चष्मा."

"मग उचलायचा ना चष्मा."

"थांबलो असतो तर बुडालो असतो."

हे चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतात. लग्नाच्या आधीपासून तिथेच, आणि लग्नाच्या आधीपासून सायकलनेच. मागच्या थंडीत पुलावरून उतरताना सांडलेल्या तेलावर चाक घसरलं आणि डाव्या पायाचं हाड मोडलं. प्लॅस्टर झालं, काठी झाली, काठीही सुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सायकल चालवा. गुडघा वाकवला नाहीत तर तो वाकायचं विसरेल." हे म्हणाले, "बघू."

ह्यांच्या 'बघू'ला मुहूर्त नसतो, हे मला माहीत होतं. सायकल जिन्याखाली उभी राहिली. आधी मी तिच्यावर छत्री अडकवली, मग बाजाराच्या पिशव्या. बघता बघता तिची खुंटी झाली. हे बसने जायला लागले, घरी आले की खिडकीशी खुर्ची ओढून बसायला लागले. मला त्या खुर्चीची धास्ती होती. माझे वडील असेच बसले होते. आज सायकल नको, उद्या जिना नको, परवा दारापर्यंतही नको, आणि मग एक दिवस खुर्चीच उरली. ह्यांचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

लेक फोनवरून रोज उपदेश करायची. "बाबा, छोटं ध्येय ठेवा. आधी फक्त गल्लीच्या टोकापर्यंत." तिने व्यायामाची सायकलही पाठवली, ती एका जागी उभी राहून चालवायची असते ना, तशी. ह्यांनी थोडा वेळ पाय मारले, थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून घरातच आहे की मी." त्यानंतर तिच्यावर टॉवेल वाळत पडायला लागले.

आणि मग ही स्वप्नं सुरू झाली.

खरं सांगते, इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हता. "मीठ दे", "दार लावलंस का", "लेकीचा फोन आला होता का" यावर आमचं निभावून जायचं. भांडणसुद्धा मी एकटीच भांडायची. आता रोज सकाळी चहाच्या कपावर फुंकर मारत हे मला रस्ते सांगायचे. एक रस्ता आमच्याच स्वयंपाकघरातून जायचा, ओट्याला वळसा घालून. एका रस्त्यावरची सगळी घरं झोपलेली, आणि त्यांच्या घोरण्याने झाडं हलत होती. एकदा ह्यांना आई दिसली. तरुण होती, ह्यांच्याहून पुष्कळ लहान, दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"काही बोलल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, 'अहो, जरा सावकाश.' मला अहो म्हणाली गं." एवढं बोलून ह्यांनी रिकामाच कप पुन्हा ओठाला लावला.

मी इस्पितळाच्या शिवणखोलीत काम करते. फाटलेल्या चादरी, पेशंटचे गाऊन, उशांचे अभ्रे. मशीन चालवताना माझ्या डोळ्यांपुढे ह्यांचेच रस्ते यायचे. त्या नादात एक गाऊन मी गळ्याशी पूर्ण बंद शिवला. शेजारच्या मशीनवरची म्हणाली, "बाई, पेशंटला घालायचाय की खोळ करायचीय?"

एकदा मी धीर करून विचारलं, "मी नसते का कुठे त्या रस्त्यांवर?"

"डबलसीट घेतली तर चढाला जड जाईल."

"चढच नसतो म्हणालात ना?"

हे कप विसळायला उठले. दुसऱ्या दिवशी मी विचारायच्या आधीच म्हणाले, "काल तू होतीस. मागे बसली होतीस. पण एक शब्द बोलली नाहीस."

"मग ती मी नव्हते," मी म्हटलं. हे हसले. मीही हसले, पण आतून इतकं बरं वाटलं की दिवसभर शिवणखोलीत मी कुणावर खेकसले नाही.

असं छान चाललं होतं. इतकं छान की गुडघ्याचं कुणी नावच काढेना.

मग एका संध्याकाळी मी कामावरून येत होते. चौकात पलीकडच्या फुटपाथवर हे उभे दिसले. गाड्या थांबल्या, माणसं ओलांडून गेली, हे तिथेच. पुन्हा गाड्या थांबल्या, पुन्हा हे तिथेच. मी हाक मारणार, तेवढ्यात एका बाईने ह्यांचा दंड धरला आणि आजोबांना नेतात तसं जपून अलीकडे आणलं. बाई माझ्याच वयाची होती. ह्यांनी मान लववून तिचे आभार मानले आणि पाय ओढत घराकडे वळले. मी भाजीवाल्याच्या मागे लपले. घरी आल्यावर हे म्हणाले, "आज बस लवकर मिळाली."

त्या रात्री ह्यांचे पाय पुन्हा धावत होते, आणि मला पहिल्यांदाच त्या पायांचा राग आला. पहाटे जो माणूस काचेच्या नदीवरून जाऊन येतो, तो दिवसा धुळीच्या रस्त्यावर कशाला तडफडेल? आणि त्याला रोज चहा पाजून, "पुढे काय झालं?" विचारून, लाडावून कोण ठेवत होतं? मीच की.

सकाळी मी चहा दिला आणि तांदूळ निवडायला बसले. हे थांबले. घसा खाकरला. कप अर्धा झाला तरी मी मान वर केली नाही.

"आज विचारत नाहीस?"

"नाही."

"काल लांब गेलो होतो."

"डोळे उघडे ठेवून जाऊन या, मग विचारते."

ह्यांचा चेहरा पडला. पण मी तांदळातले खडे शोधत बसले. त्या तांदळात खडे नव्हते.

पुढचे कितीतरी दिवस घरात तोंडाला कुलूप. हे माझ्याशी मीठ मागण्यापुरतंसुद्धा बोलेनात, स्वतः उठून घ्यायचे. पहाटे लाथा बसायच्या आणि सकाळी मला कळायचं नाही की त्या कुठल्या गावावरून आल्या. जीव नुसता कासावीस व्हायचा. एकदा तर ह्यांच्या केसात वारं लागल्यासारखं दिसलं आणि विचारायला तोंड उघडलंच होतं, पण दात दाबून धरले.

मग एका सुट्टीच्या सकाळी जिन्याखालून हवा भरायच्या पंपाचा आवाज आला. मी खाली गेले, तर छत्री आणि पिशव्या पायरीवर नीट काढून ठेवलेल्या. हे घामाघूम.

"सोबत येऊ?"

"नको." मग जरा वेळाने, "मागून ये. पण धरू नकोस."

आधी गल्लीच्या टोकापर्यंत ह्यांनी सायकल हातात धरूनच नेली, आजारातून उठलेल्या माणसाला फिरायला नेतात तशी. टोकाला गेल्यावर टांग टाकली. सीटवर बसले, पाय टेकला. पुन्हा बसले, पुन्हा टेकला. हँडल इतकं डुगडुगत होतं की घंटी आपोआप वाजत होती. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून धरले, नाहीतर ते धावले असते. तिसऱ्या खेपेला पाय टेकला नाही. सायकल वेडीवाकडी गेली, एका भिंतीला घासायची राहिली आणि सरळ झाली. हे मागे न बघता ओरडले, "दुखतंय गं." आवाजात एवढा आनंद होता की मी रस्त्यातच रडले. लपवायचं काय त्यात.

हळूहळू चौक झाला, पूल झाला. पुलाचा चढ हे उतरून चालत जायचे, मग अर्धा सायकलवर बसून जायला लागले, मग सगळा. बसचा पास संपला तो पुन्हा काढला नाही. खिडकीजवळची खुर्ची मी लेकीला फोनवर बोलताना बसायला घेतली. ज्या दिवशी हे दुकानापर्यंत सायकलने जाऊन आले, त्या संध्याकाळी मी ठरल्याप्रमाणे चहा टाकला, समोर बसले आणि विचारलं, "कुठवर?"

"दुकानापर्यंत. आणि परत."

"वाटेत काय दिसलं?"

हे विचारात पडले. माझ्यासाठी काहीतरी शोधत होते बिचारे. "ट्रॅफिक होता," म्हणाले, "पुलावर खड्डा बुजवलाय." आणि जेवण झाल्याझाल्या, आडवे होताहोता झोपले.

आता माझी नडगी बरी आहे. पहाटे जाग येते ती सवयीने. ह्यांचे पाय पांघरुणाखाली स्वस्थ असतात, दिवसभर राबलेल्या माणसाचे असतात तसे. मला हेच हवं होतं, दुसरं काही मागितलं नव्हतं. आज मात्र राहवलं नाही. मी पाय लांब केला आणि ह्यांना हलकीशी लाथ मारून पाहिली.

हे कुशीवर वळले आणि पुन्हा गाढ झोपले. मी उठून डबा करायला घेतला. सायकलने जायचं तर लवकर निघावं लागतं.